गाडीचे दिवे आणि बाईंची बडबड

मोटारीतलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. तरी पन्नासच्या दशकातला एक अख्खा उन्हाळा मी एका जुन्या मोटारीच्या दोन दिव्यांपायी घालवला. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे आणि गडचिरोली हे त्या जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. आलापल्लीच्या अलीकडे एका लाकूड ठेकेदाराने धर्मादाय दवाखाना काढला होता. मी तिथला डॉक्टर. वय सत्तावीस, घर कऱ्हाडकडचं, लग्न व्हायचं होतं. आधीच्या नोकरीत वरिष्ठांशी भांडून मी आलो होतो. माझा स्वभाव तापट होता, तो काही सागाच्या सावलीत निवला नाही.

दवाखान्याला शेठने, म्हणजे त्या ठेकेदाराने, आपली वापरून झालेली मोटार दिली होती. लढाईच्या आधीची गाडी. हॉर्न सोडून तिचं सगळं वाजायचं. ती चालवणाऱ्या ड्रायव्हरला मी भाऊ म्हणायचो, कारण तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा होता. मासेमारी करणाऱ्या घरातला माणूस. बापजाद्यांनी तळ्यावर जाळी टाकली, याने मात्र ट्रकवर क्लीनरकी करत गाडी शिकून घेतली होती. तळ्याच्या चिखलातून गाडीच्या गादीवर बसलेला त्याच्या घराण्यातला तो पहिला. त्याच्या खाकी शर्टाची इस्त्री माझ्या शर्टापेक्षा कडक असायची.

या मासेमाराच्या पोराने मासे सोडले होते. ही नोकरी लागावी म्हणून त्याने मार्कंड्याच्या महादेवाला बोलून ठेवलं होतं, गाडी हातात आली तर मासोळी खाणार नाही. गाडी हातात आली. तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, भात, लाखोळीची डाळ आणि मिरचीची चटणी यांवर त्याचा संसार चालला होता. दूधदुभतं त्या गावात औषधालाही नव्हतं. मी त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, "भाऊ, देवाला दुसरं काही देता आलं नाही का? वांगी तरी सोडायची." तो हसून म्हणायचा, "वांगं सोडलं तं देवाले काय वाटन जी? आवडीचं सोडा लागते."

त्या वर्षी दिवाळीनंतर भाऊने दोनदा गाडी घासली. एकदा दवाखान्याच्या फाटकाला, एकदा शेठच्या लाकूड डेपोतल्या ओंडक्याला. दोन्ही वेळा दिवस मावळल्यावर. शेठ स्वतः येऊन मडगार्ड बघून गेले आणि माझ्यासमोर त्याला म्हणाले, "तिसऱ्यांदा ऐकलं तर तू आणि तुझं तळं." भाऊ मान खाली घालून उभा होता. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "डाक्टरसाहेब, दिवे कमी झाले जी गाडीचे. उजेडच पडत नाई. मोठे बल्ब टाकू आपण." मला माणूस आवडायचा. मी म्हटलं टाकू.

इथे भाऊच्या बायकोबद्दल सांगायला हवं. आसपासच्या गावांतले रोगी बघायला मी संध्याकाळी फेरी मारायचो. घरी एकटीला भेव लागते म्हणून त्या फेरीला ती गाडीत यायची. मूलबाळ नव्हतं. मीच परवानगी दिली होती आणि देऊन पस्तावलो होतो. ती पुढे नवऱ्याशेजारी बसायची, मी मागे बॅग घेऊन. गाडी परतीला लागली की तिचं तोंड सुरू.

"अवो, तो वाकडा मोह आला पाहा. गेल्या साली माह्या बहिणीनं याच्याच खालून फुलं वेचले होते. आता उतार लागते. समोर बैलबंडी जाऊन राह्यली, बंडीवाला झोपला दिसते. पुलियाचा डावा कठडा तुटला हाय, कोनी दुरुस्त करत नाई. इथी उजव्या अंगाले वारूळ हाय, मोठं झालं पाहा."

तासभर हे असं. दिवसभर रोग्यांचं ऐकून माझं डोकं उठलेलं असायचं. एकदा मी मागून ओरडलोच, "बाई, पाच मिनिटं तोंड मिटा." तिने तोंड मिटलं. गाडी बैलाच्या चालीने चालायला लागली आणि थोड्या वेळाने थांबलीच. भाऊ म्हणाला, इंजिन गरम झालं. आम्ही तिघं अंधारात गप्प बसून राहिलो. मग बाई म्हणाली, "तो पाहा, पळसाचा वाक आला," आणि इंजिन थंड झालं असावं, कारण गाडी निघाली. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, व्हायचंच.

बल्ब आणायला मी स्वतः चांद्याला गेलो. दुकानदाराने विचारलं, किती व्होल्टची गाडी? व्होल्ट विचारून तो माझा अपमान करतोय असं मला वाटलं. मी म्हटलं, सगळ्यात मोठा द्या. त्याने ट्रकचे दिले. बल्बच्या बुडाशी बारा लिहिलं होतं, आमच्या जुन्यावर सहा होतं. दुप्पट उजेड, असा साधा हिशेब करून मी खुशीत परत आलो.

रविवारी माझ्या क्वार्टरसमोर आम्ही शस्त्रक्रिया मांडली. भाऊने दिव्याची गोल कडी काढली, काच काढली, आतली चकचकीत वाटी मोकळी केली. स्क्रू हरवू नयेत म्हणून मी दवाखान्यातला एनॅमलचा ट्रे आणला. स्पिरिट आणि कापसाने मी वाट्या पुसल्या. जखम पुसावी तशा, आतून बाहेर. बाई पायरीवर बसून डाळ निवडत होती आणि कधी नव्हे ती गप्प होती. बल्ब बसले, दिवस मावळला. भाऊने बटण ओढलं. दोन्ही दिव्यांत निखाऱ्याएवढा तांबडा ठिपका दिसला. बस. तेवढाच.

मी कपाळाला हात लावला. दुप्पट घातलं आणि निम्म्याहून कमी निघालं. आधी मी दुकानदाराला शिव्या दिल्या, मग बॅटरीला, मग भाऊला. दुसऱ्या दिवशी डेपोतल्या मिस्त्रीने येऊन बघितलं आणि मला मुलासारखं समजावलं. "बॅटरी सहाची हाय साहेब, बल्ब बाराचा. तिचा जोर त्याले पुरत नाई. आकडा मोठा म्हणून उजेड मोठा, असं नसते." मग वॅट वेगळे, व्होल्ट वेगळे, असं बरंच सांगितलं. मी मान हलवत होतो आणि सगळं डोक्यावरून जात होतं. मोठा बल्ब बारीक का जळतो हे मला अजूनही मनातून पटलेलं नाही.

त्याने चिठ्ठीवर लिहून दिलेले सहा व्होल्टचे, पण जास्त वॅटचे बल्ब नागपूरहून पार्सलने आले. दिव्यापर्यंत जाणारी जुनी वायर मिस्त्रीने काढून जाड घातली. पुन्हा रविवार, पुन्हा ट्रे, पुन्हा स्पिरिट. दिवे दवाखान्याच्या चुन्याने सारवलेल्या भिंतीवर मारायचे म्हणून मी गेरूने भिंतीवर दोन फुल्या काढल्या. संध्याकाळी बटण ओढल्याबरोबर भिंत अशी उजळली की वऱ्हांड्यातले रोगी उठून बसले. मिस्त्री म्हणाला, याहून जास्त या गाडीत निघणार नाही. मी भाऊकडे बघितलं.

"हाय जी. चांगला हाय उजेड," तो म्हणाला.

पण त्याच संध्याकाळी आम्ही रस्त्यावर चक्कर मारून आलो आणि खाली उतरल्यावर तो म्हणाला, "भिंतीवर पडते जी. रस्त्यावर नाई पडत."

हे काय नवीन? जो दिवा भिंतीवर पडतो तो रस्त्यावर का पडू नये? मी म्हटलं, दिवे खाली वळवू. वळवले. तो म्हणाला, थोडं बाजूला पाहिजे. बाजूला केले. तो म्हणाला, मंगा होते तसेच बरे होते. मी रस्त्यावर उभा राहून बघायचो, मला पार पुढच्या वळणापर्यंतची पानं दिसायची. त्याला विचारलं की तो बोट पुढे करून अंधारातच काहीतरी दाखवायचा आणि म्हणायचा, तिथून पुढं काईच नाई. दोघांत एक तरी चुकत होता. तो वीस वर्षं गाड्यांत काढलेला, मी दोन आठवड्यांपूर्वी व्होल्ट हा शब्द शिकलेला. तेव्हा चूक माझीच, असं मी ठरवलं. एका दुपारी तर दवाखान्याचं दार लावून, नजर तपासायचा तक्ता टांगून, मी माझेच डोळे तपासले. शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी वाचली. त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

मिस्त्रीला तिसऱ्यांदा बोलावल्यावर तो मला म्हणाला, "साहेब, आता काय सूर्य बसवू का?"

मग वैशाखातली ती दुपार आली. फेरीच्याच रस्त्याने आणखी आत, जंगलातल्या एका गोंड पाड्यावरून माणूस धावत आला. चारोळीच्या झाडावरून एकजण पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. रोग्याला मागच्या सीटवर आडवं आणायचं, त्याच्या बहिणीलाही बसवायचं, म्हणजे जागाच नव्हती. बाई नेहमीप्रमाणे पदर खोचून गाडीजवळ आली. मी म्हटलं, "आज नाही बाई. आज माणूस आणायचा आहे, गप्पा नाही." ती म्हणाली, "मी खाली बसतो जी, पायाशी." तिकडे बायासुद्धा बसतो, येतो असंच म्हणतात. मी नाही म्हणालो. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "उजेडात वापस येऊ." ती फाटकात उभी राहिली आणि गाडी वळेपर्यंत तिथेच होती.

उजेडात काही परत आलो नाही. पाड्यावर पाय सरळ करून फळ्या बांधण्यात वेळ गेला, रोगी ओरडत होता, बहीण गोंडीत त्याला रागावत होती. निघालो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर तेवढं ऊन राहिलं होतं. मी पुढे, बाईच्या जागेवर बसलो. मैलभरात अंधारून आलं. भाऊने दिवे लावले आणि माझे ते नागपूरचे बल्ब असे लख्ख पेटले की मला अभिमान वाटला. रस्ता लांबपर्यंत पांढरा दिसत होता.

आणि गाडी हळू होत गेली. मागचा माणूस प्रत्येक खड्ड्याला कण्हत होता. मी म्हटलं, "भाऊ, जरा उचला." त्याने उचलली आणि लगेच डावं चाक रस्ता सोडून वाळूत उतरलं. त्याने कशीबशी वर काढली. माझं डोकं तापलं. समोर वळण स्वच्छ दिसत होतं आणि हा माणूस त्याच्या तोंडावर नेऊन गाडी थांबवत होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तो काचेला नाक लावल्यासारखा पुढे वाकला होता. मानेवरून घाम गळत होता.

"काय झालं? इंजिन?"

त्याने मान हलवली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमी बोला."

"काय बोलू?"

"जे दिसते ते बोला."

मला आधी राग आला. हा काय पोरखेळ, असं तोंडाशी आलं होतं. मग त्याचे डोळे दिसले. ते उघडे होते आणि रस्त्यावर नव्हते. रस्ता जिथे असावा असं त्याला वाटत होतं तिथे ते लागलेले होते, आणि रस्ता तिथे नव्हता.

"वळण आहे," मी म्हणालो. "उजवीकडे."

गाडी निघाली. तो उजवीकडे वळला.

"आता सरळ. डाव्या बाजूला एक झाड वाकलं आहे. मोह आहे वाटतं. आता उतार. पुढे पुलिया, डावा कठडा..."

डावा कठडा तुटला आहे, असं म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. ही वाक्यं माझी नव्हती. सहा महिने मी ती मागच्या सीटवर बसून, कपाळाला आठ्या घालून ऐकत आलो होतो. कोणतं वाक्य कुठे येतं हेही मला पाठ झालं होतं. मोह, उतार, पुलिया, वारूळ, पळसाचा वाक. मी ती सगळी म्हटली, आणि त्या माणसाने मला आणि त्या रोग्याला दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. फाटकाला घासलं नाही, कारण फाटकात बाई कंदील घेऊन उभी होती आणि मोठ्याने म्हणत होती, "या, या, सरळ या."

त्या रात्री रोग्याचं आटोपलं आणि मी औषधांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. मी डॉक्टर होतो. दिवस मावळल्यावर दिसत नाही, ठेचकाळतात, अशी लेकरं आया माझ्याकडे आणायच्या आणि मी एका नजरेत रातांधळेपणा ओळखायचो. माशाच्या तेलाची मोठी बाटली माझ्या कपाटात दुसऱ्या फळीवर उभी असायची, चमचा तिच्या शेजारीच. भाऊच्या ताटात तीन वर्षं मासे नाहीत, दूध नाही, हेही मला माहीत होतं. आणि या माणसाने सहा महिने मला सांगितलं की उजेड पडत नाही, तर मी बल्ब बदलले, वायर बदलली, मिस्त्री बोलावला. तक्ता टांगून डोळे तपासले, तेही माझेच. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

सकाळी बाई एकटी आली. रडली नाही. म्हणाली, "माह्या बडबडीनं तुमाले तरास होते, मले मालूम हाय जी. पन काय करू? त्याले तळ्यावर वापस जायचं नाई. लोक हासतीन." मी विचारलं, मग दिवे मोठे करा म्हणून मला कशाला नाचवलं? ती म्हणाली, "त्याले खरंच वाटत होतं का दिवेच कमी हायेत. मलेबी वाटलं, मोठे लावले तं दिसन." म्हणजे तेही दोघं माझ्याएवढेच गोंधळलेले होते.

मी बाटली काढून टेबलावर ठेवली. तिने बूच उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तळ्याकाठच्या घरातली बाई ती. तिला काय सांगायचं?

"दुसरं काई नाई का जी?"

पालेभाज्या, पपई, गाजरं असं मी म्हटलं खरं, पण वैशाखात आलापल्लीच्या बाजूला गाजर कुठलं आणि नुसत्या पाल्यावर किती महिने लागतील कुणास ठाऊक. आणि शेठ तिसऱ्या वेळेची वाट बघत होते. तिने बूच परत लावलं. मग म्हणाली, "सांगू नोका त्याले."

मी तोवर रोग्याशी औषधाबद्दल कधी खोटं बोललो नव्हतो. मनाशी ठरवेपर्यंत संध्याकाळ झाली. भाऊ आला, भिंतीला हात लावत आला. आता माझ्यासमोर लपवायचं काही नव्हतं. मी चमचा भरला आणि बोलायला तोंड उघडलं. चमचा नाकाजवळ गेला तसा तो थबकला. ज्याचं लहानपण जाळी वाळवण्यात गेलं त्याला तो वास कुठून आला हे कोणी सांगायला नको होतं.

"डाक्टरसाहेब," तो म्हणाला, "औषध हाय ना?"

"औषध आहे."

"मंग बाकी काई बोलू नोका."

त्याने डोळे मिटून तेल गिळलं आणि बाहेर जाऊन, पूर्वेकडे तोंड करून, हात जोडून थोडा वेळ उभा राहिला. मार्कंडा त्या बाजूला नाही, तो उत्तरेला आहे. तेवढा गोंधळ देवाने पोटात घातला असावा.

आता प्रश्न होता शेठचा. गुण येईपर्यंत संध्याकाळी गाडी निघायला नको होती, आणि त्याचं कारणही कोणाला कळायला नको होतं. मी सरळ दोन्ही दिवे काढले. वायरी मोकळ्या सोडून दिल्या आणि दिवे माझ्या जेवायच्या टेबलावर आणून ठेवले. अंधार पडल्यावर कोणाचा निरोप आला तर डेपोचा ट्रक मागवायचा. शेठ एकदा आले, डोळे नसलेली गाडी बघून विचारू लागले, काय चाललंय हे? मी म्हटलं, मोठे बल्ब बसवतोय. ते म्हणाले, महिनाभर? मी म्हटलं, व्होल्टचा घोटाळा आहे. मग मिस्त्रीने मला सांगितलेलं सगळं, काहीही न कळता, त्यांना ऐकवलं. त्यांनाही कळलं नाही, पण तसं कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. निघून गेले.

मृग लागायच्या आत भाऊ एका संध्याकाळी माझ्या अंगणात आला, भिंतीला हात न लावता आला, आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या कौलावर मांजर बसून राह्यली." होतीच. काळी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दिवे गाडीला बसवले.

पहिल्या संध्याकाळच्या फेरीला तिघंही निघालो. या वेळी बाई आपण होऊन मागे बसली, मी पुढे. परतताना अंधार पडला. वाकडा मोह आला आणि मी सवयीने वाट बघितली. मागून काही आवाज आला नाही. उतार आला, पुलिया आली, भाऊने तुटक्या कठड्यापासून गाडी हातभर उजवीकडे घेतली. वारूळ गेलं. मला वाटलं, माझ्यावर रागावली असेल, मी तिला किती बोललो होतो. माफी मागावी म्हणून मी मागे वळलो.

ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, डोकं खिडकीवर टेकलेलं, प्रत्येक खड्ड्याला आपटत होतं आणि तरी जाग येत नव्हती. सहा महिने या गाडीत तिने पापणी मिटली नव्हती. भाऊने आरशात बघितलं आणि गाडी जरा हळू केली.